ओपनएमडीएओ रिव्ह्यू: सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस ऑटोमॅटिक होतं, पण तपासणी कोण करणार?

डिझाइन ऑप्टिमायझेशनचं काम ज्यांनी मनापासून केलंय त्यांना हे माहितीये की ऑप्टिमायझर, म्हणजे सगळ्यात चांगलं डिझाइन शोधून देणारा प्रोग्रॅम, चालवणं हा त्यातला सोपा भाग आहे. बटण दाबलं की चालतो तो. खरा वेळ खातात ते डेरिव्हेटिव्ह किंवा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कुठलं माप किती बदललं की वजन किती बदलतं, स्ट्रेस किती वाढतो, डिफ्लेक्शन म्हणजे वाकणं किती कमी होतं हे आकडे काढणं, आणि ते आकडे बरोबर आहेत याची खात्री करणं. हे काम आपोआप करून देतो असं सांगणारी सॉफ्टवेअर बरीच आहेत, त्यातलं मी सगळ्यात जास्त वापरतो ते ओपनएमडीएओ, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितोय, कारण याच्यावर मराठीत काहीच वाचायला मिळत नाही आणि नवीन मुलं उगाच चाचपडत बसतात.

आधी थोडक्यात ओळख. हे नासाच्या ग्लेन रिसर्च सेंटरमध्ये तयार झालेलं ओपन सोर्स फ्रेमवर्क आहे, पायथॉनमध्ये लिहिलेलं, अपाची लायसन्सखाली फुकट मिळतं, पिपने एका ओळीत इन्स्टॉल होतं. २०१९ साली ग्रे, ह्वांग, मार्टिन्स वगैरे मंडळींनी त्यावर सविस्तर पेपर लिहिला, तो वाचला तर आतली रचना नीट कळते. याला खिडक्या, मेनू, ड्रॅग करून जोडायचे डबे असलं काही नाहीये, सगळं कोड लिहूनच करायचं. आपलं मॉडेल छोट्या छोट्या कंपोनंटमध्ये तोडायचं, प्रत्येकाचे इनपुट आउटपुट सांगायचे, ते एकमेकांना जोडायचे, मग डिझाइन व्हेरिएबल (बदलायची मापं) कुठले, ऑब्जेक्टिव्ह (कमी किंवा जास्त करायची गोष्ट) काय, कन्स्ट्रेंट (पाळायच्या मर्यादा) कुठले हे सांगायचं आणि ड्रायव्हरला, म्हणजे ऑप्टिमायझर चालवणाऱ्या भागाला, हाक मारायची.

आता सेन्सिटिव्हिटी म्हणजे नक्की काय हवंय ते एका साध्या उदाहरणावर बघू, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. एक कॅन्टिलिव्हर बीम, म्हणजे एका टोकाला पक्का धरलेला दांडा, घ्या, लांबी ५०० मिमी, रुंदी २० मिमी, उंची ३० मिमी, टोकावर १००० न्यूटनचा लोड, मटेरियल स्टील, यंग्ज मॉड्युलस २ लाख मेगापास्कल. टोकाचं डिफ्लेक्शन येतं साधारण ४.६३ मिमी. उंचीच्या बाबतीत डेरिव्हेटिव्ह येतो उणे ०.४६३, म्हणजे उंची १ मिमी वाढवली तर डिफ्लेक्शन अंदाजे ०.४६ मिमीने कमी होणार. रुंदीसाठी हाच आकडा उणे ०.२३१ आणि लांबीसाठी अधिक ०.०२७८. इथे बरेच जण पटकन म्हणतात की लांबीचा परिणाम फारच कमी दिसतोय, सोडून द्या तिला. तसं नाहीये. लांबी मुळात ५०० आहे आणि उंची ३०, त्यामुळे १ मिमी हा एकाला जड पडतो आणि दुसऱ्याला हलका. टक्केवारीत बघा, उंची १ टक्का वाढली की डिफ्लेक्शन ३ टक्के उतरतं, लांबी १ टक्का वाढली की ३ टक्के चढतं, रुंदीचा परिणाम मात्र एकास एक. म्हणजे लांबी आणि उंची दोघी सारख्याच वजनदार. सॉफ्टवेअर आकडा देतं, तो असा टक्क्यांत आणून बघणं आपल्यालाच करावं लागतं, आणि कुठल्याही रिपोर्टमधला टोर्नॅडो चार्ट, म्हणजे कुठल्या मापाचा परिणाम किती ते उतरत्या क्रमाने दाखवणाऱ्या पट्ट्या, बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की हे आकडे कच्चे आहेत का नॉर्मलाइझ केलेले.

हे आकडे काढायची सगळ्यांना माहिती असलेली पद्धत म्हणजे फायनाइट डिफरन्स, थोडं ढकला, परत चालवा, फरकाला ढकललेल्या अंतराने भागा. ऐकायला सोपी आहे आणि बहुतेक सॉफ्टवेअरमधलं "ऑटोमॅटिक सेन्सिटिव्हिटी" नावाचं बटण आतून हेच करत असतं. घोळ आहे तो किती ढकलायचं यात. वरच्याच बीममध्ये उंची पूर्ण १ मिमीने ढकलली तर उत्तर येतं उणे ०.४३४, म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास चूक, तीही एका साध्या सूत्रात. बरं मग खूप बारीक ढकलू म्हणाल तर तिकडून दुसरी अडचण, संगणकाकडे साधारण १६ आकड्यांचीच अचूकता असते, आणि ढकलणं १० चा उणे १६ वा घात इतकं बारीक केलं तर ३० आणि ३० अधिक ते यात संगणकाला फरकच दिसत नाही, उत्तर सरळ शून्य. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी योग्य जागा असते आणि ती प्रत्येक व्हेरिएबलसाठी वेगळी असते. त्यात मॉडेलमध्ये इटरेशन करणारा, म्हणजे पुन्हा पुन्हा हिशोब करत उत्तराजवळ जाणारा, सॉल्व्हर असेल आणि तो १० च्या उणे ४ थ्या घाताच्या टॉलरन्सवर थांबत असेल, आणि तुम्ही ढकलताय १० च्या उणे ६ व्या घाताने, तर तुम्हाला मिळणारा आकडा हा डेरिव्हेटिव्ह नसून सॉल्व्हरचा आवाज (नॉइज, म्हणजे आकड्यांतली निरर्थक थरथर) असू शकतो. फायनाइट एलिमेंट मॉडेलमध्ये, जिथे वस्तूचे छोटे तुकडे करून हिशोब होतो, माप बदललं की तुकड्यांची जाळी म्हणजे मेश नव्याने पडतो, एलिमेंटची संख्या बदलते, तो गोंधळ परत वेगळाच.

ओपनएमडीएओ इथे चांगले पर्याय देतं. फायनाइट डिफरन्स आहेच, पण त्याच्या शेजारी कॉम्प्लेक्स स्टेप आहे आणि ती मला मनापासून आवडते. इनपुटला खऱ्या दिशेने न ढकलता काल्पनिक दिशेने, म्हणजे कॉम्प्लेक्स आकड्याच्या इमॅजिनरी भागात, अगदी सूक्ष्म ढकलायचं आणि उत्तराच्या काल्पनिक भागाला त्या अंतराने भागायचं. यात वजाबाकीच होत नाही, त्यामुळे आकडे कापले जायचा प्रश्नच मिटतो, म्हणूनच इथे डिफॉल्ट स्टेप चक्क १० चा उणे ४० वा घात आहे आणि तरी उत्तर मशीनच्या अचूकतेइतकं बरोबर येतं. ही कल्पना जुनी आहे, लायनेस आणि मोलर यांनी १९६७ साली मांडली, स्क्वायर आणि ट्रॅप यांनी १९९८ मध्ये सोपी करून दाखवली. कंपोनंटमध्ये एका ओळीत सांगायचं की पार्शल्स, म्हणजे त्या कंपोनंटचे स्वतःचे डेरिव्हेटिव्ह, सीएस (कॉम्प्लेक्स स्टेप) पद्धतीने काढ, झालं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, कोडमध्ये नमपाय या पायथॉन लायब्ररीचं नेहमीचं ॲब्सोल्यूट फंक्शन असेल तर ते कॉम्प्लेक्स आकड्याचं मॅग्निट्यूड परत देतं, काल्पनिक भाग तिथेच गळतो आणि डेरिव्हेटिव्ह गुपचूप शून्य होतो, काही एरर येत नाही. ओपनएमडीएओमध्ये यासाठी सीएस-सेफ नावाच्या मॉड्यूलमध्ये ॲब्सोल्यूट, नॉर्म, आर्कटॅन२ यांची सुरक्षित रूपं दिलीयेत, तीच वापरायची. आणि आतमध्ये एखादं कंपाइल केलेलं बाहेरचं लायब्ररी फंक्शन कॉम्प्लेक्स आकडे घेतच नसेल तर ही पद्धत तिथे चालत नाही, मग हाताने सूत्र लिहा किंवा जॅक्स ही पायथॉन लायब्ररी वापरा, अलीकडच्या व्हर्जनमध्ये जॅक्सवर चालणारे कंपोनंट आलेत आणि ते कोड वाचून स्वतःच डेरिव्हेटिव्ह तयार करतात.

आता याचा सगळ्यात मोठा गुण. वर सांगितलं ते सगळं एकेका कंपोनंटपुरतं झालं, पण आपल्याला हवं असतं ते या टोकापासून त्या टोकापर्यंतचं, म्हणजे विंगच्या स्किनची जाडी बदलली तर शेवटी इंधन किती लागेल. मध्ये एअरोडायनॅमिक्स आहे, स्ट्रक्चर आहे, हवेच्या लोडने विंग वाकते, वाकल्यामुळे लोड बदलतो, परत वाकणं बदलतं, असं चक्र आहे. नुसता चेन रूल (एकेका तुकड्याचे डेरिव्हेटिव्ह गुणत जायचं) लावून हे सुटत नाही कारण साखळी गोल फिरते. ह्वांग आणि मार्टिन्स यांनी मॉड नावाची जी रचना मांडली तिच्यावर हे उभं आहे, सगळ्या मॉडेलला एकच मोठी समीकरणांची सिस्टम मानायचं आणि एक लिनिअर सिस्टम सोडवून सगळे टोटल, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतचे, डेरिव्हेटिव्ह काढायचे. तुम्ही फक्त तुकड्यांचे पार्शल्स द्या, जोडकाम ते करतं. हे खरंच करतं, आणि फार चांगलं करतं.

हे फॉरवर्डने (इनपुटकडून आउटपुटकडे) करायचं का रिव्हर्सने (आउटपुटकडून इनपुटकडे) हेही ते स्वतः ठरवतं, म्हणजे डिझाइन व्हेरिएबल जास्त का आउटपुट जास्त ते बघून. समजा ५०० डिझाइन व्हेरिएबल आहेत, १ ऑब्जेक्टिव्ह आणि ३ कन्स्ट्रेंट. फायनाइट डिफरन्सने गेलात तर अख्खं मॉडेल आणखी ५०० वेळा कन्व्हर्ज करा, म्हणजे उत्तर स्थिर होईपर्यंत चालवा. फॉरवर्डने गेलात तर ५०० लिनिअर सॉल्व्ह. रिव्हर्सने फक्त ४. ॲडजॉइंट म्हणतात ते हेच, जेमिसन यांनी १९८८ मध्ये एअरोडायनॅमिक डिझाइनमध्ये जे आणलं आणि ज्याच्यामुळे शेकडो व्हेरिएबल घेऊन विंगचा आकार ठरवणं शक्य झालं, ते इथे तुमच्या स्वतःच्या मॉडेलसाठी जवळजवळ आयतं मिळतं. स्ट्रेसचे हजारो कन्स्ट्रेंट असतील तर रिव्हर्सचा फायदा निघून जातो, त्यासाठी केएस फंक्शनने ते एकत्र करून एकच कन्स्ट्रेंट करायची सोय पण आत आहे.

पण मी लोकांना हे सॉफ्टवेअर सुचवतो ते या वेगासाठी नाही. सुचवतो ते चेक पार्शल्स या एका कमांडसाठी. ही कमांड प्रत्येक कंपोनंटमध्ये जाते, तुम्ही दिलेला डेरिव्हेटिव्ह आणि फायनाइट डिफरन्स किंवा कॉम्प्लेक्स स्टेपने काढलेला डेरिव्हेटिव्ह शेजारी शेजारी ठेवते, आणि फरक किती ते छापते. दिसायला अगदी साधी गोष्ट. पण ही नसेल तर काय होतं ते सांगतो. समजा वरच्या बीममध्ये कोणी उंचीच्या डेरिव्हेटिव्हचं उणे चिन्ह विसरलं. मॉडेल चालतं. डिफ्लेक्शन बरोबर येतं, वजन बरोबर येतं, सगळे आकडे हाताने केलेल्या हिशोबाशी जुळतात, आणि ऑप्टिमायझर सुरू केला की दोन पावलं जाऊन थांबतो आणि सायपाय या पायथॉन लायब्ररीतला एसएलएसक्यूपी हा ऑप्टिमायझर असेल तर एक्झिट मोड ८, पॉझिटिव्ह डायरेक्शनल डेरिव्हेटिव्ह फॉर लाइनसर्च असा मेसेज देतो. हा मेसेज बघून माणूस टॉलरन्स बदलतो, सुरुवातीचा पॉइंट बदलतो, ऑप्टिमायझर बदलतो, स्केलिंगशी, म्हणजे लहानमोठे आकडे सारख्या मापात आणण्याशी, खेळत बसतो, कारण मॉडेल तर बरोबर आहे ना. स्केलिंग बिघडलं तरी हाच मेसेज येतो, त्यामुळे संशय तिकडे जातो ते समजण्यासारखं आहे, पण चेक पार्शल्स चालवलं की एका ओळीत दिसतं, तुमचा ०.४६३, तपासलेला उणे ०.४६३. संपला विषय.

आणि हा तर नशिबाचा प्रकार, ऑप्टिमायझर निदान थांबला तरी. जास्त घातक प्रकार म्हणजे थांबत नाही आणि चुकीच्या जागी जाऊन सगळं छान झालं म्हणून सांगतो. ओपनएमडीएओमध्ये एखाद्या इनपुट आउटपुटच्या जोडीसाठी पार्शल डिक्लेअरच केला नाही तर तो शून्य धरला जातो. म्हणजे तुम्ही मॉडेलमध्ये नवीन इनपुट वाढवला, फॉर्म्युला बदलला, आणि पार्शल डिक्लेअर करायचं राहिलं, तर सॉफ्टवेअर समजतं की या इनपुटचा काही परिणामच नाही आणि ऑप्टिमायझर त्या व्हेरिएबलला हातच लावत नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं जातं की हे माप सेन्सिटिव्ह नाही, मीटिंगमध्ये तसंच ठरतं, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांत ते माप बाजूला पडतं! सेन्सिटिव्हिटीचा शून्य हा आकडा दिसला की मला म्हणूनच आधी संशय येतो, खरंच परिणाम नाहीये का कुणी सांगायचं राहिलंय. चेक पार्शल्स हेही पकडतं.

तसंच चेक टोटल्स, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची तपासणी. ही पण टाळू नका, कारण सगळे पार्शल्स बरोबर असूनसुद्धा टोटल चुकू शकतो. कसा, तर ग्रुपला मुद्दाम काही सांगितलं नाही तर डेरिव्हेटिव्ह काढणारा लिनिअर सॉल्व्हर असतो लिनिअर रन वन्स, जो एकदाच फिरतो. सरळ रेषेतल्या मॉडेलला तो पुरतो, पण वरच्या विंगसारखं गोल फिरणारं मॉडेल असेल आणि तुम्ही न्यूटन सॉल्व्हर लावून मॉडेल कन्व्हर्ज केलंत पण लिनिअर सॉल्व्हर तसाच ठेवलात, तर उत्तर बरोबर आणि डेरिव्हेटिव्ह चूक अशी विचित्र परिस्थिती होते. डायरेक्ट सॉल्व्हर लावला की ठीक होतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे आहे, पण इतकी महत्त्वाची गोष्ट शोधत जावी लागते, माझ्या मते ती पहिल्याच धड्यात ठळक अक्षरात हवी.

बाकीच्या सोयी चांगल्या आहेत, पटकन सांगतो. एन-टू डायग्राम ब्राउझरमध्ये उघडतो आणि कुठलं व्हेरिएबल कुठे जोडलंय, कुठला इनपुट मोकळा लटकतोय ते रंगात दिसतं. स्केलिंग रिपोर्ट आहे, त्यात जेकोबियनमध्ये, म्हणजे डेरिव्हेटिव्हच्या तक्त्यात, कुठला आकडा लाखात आणि कुठला दशलक्षांशात ते दिसतं. युनिट सांगितलेले असतील तर एकीकडे मिमी आणि दुसरीकडे मीटर असलं तरी जोडणीत आपोआप बदलतात आणि डेरिव्हेटिव्हही त्याप्रमाणे बदलतो, मात्र कंपोनंटच्या आत तुम्ही सूत्र चुकीच्या युनिटमध्ये लिहिलंत तर ते कुणी पकडणार नाही.

आता कमी कुठे पडतं. एक म्हणजे बाहेरचा ब्लॅक बॉक्स, ज्याच्या आतलं आपल्याला दिसत नाही असा प्रोग्रॅम. तुमचं खरं काम एखाद्या कमर्शियल एफईए (फायनाइट एलिमेंट) किंवा सीएफडी (हवा, पाणी यांच्या प्रवाहाचा हिशोब) पॅकेजमध्ये चालत असेल आणि ते पॅकेज डेरिव्हेटिव्ह देत नसेल, तर ओपनएमडीएओ काही जादू करू शकत नाही, बाहेरचा प्रोग्रॅम फाइल लिहून वाचून चालवायचा कंपोनंट आहे पण डेरिव्हेटिव्हसाठी परत फायनाइट डिफरन्सच. अशा वेळी निदान एवढं करता येतं की फायनाइट डिफरन्स त्या एका कंपोनंटपुरता ठेवायचा आणि बाकी सगळीकडे ॲनालिटिक (सूत्राने काढलेले डेरिव्हेटिव्ह), म्हणजे आवाज एका खोलीत बंद राहतो, सगळ्या घरात फिरत नाही. दुसरं म्हणजे तुकड्या तुकड्याने बदलणाऱ्या गोष्टी, बोल्टची संख्या, प्लेटचे ठरलेले गेज, इथे डेरिव्हेटिव्ह ही कल्पनाच लागू होत नाही. तिसरं, शिकायला वेळ लागतो. प्रमोट आणि कनेक्ट या व्हेरिएबल जोडायच्या दोन पद्धतींतला फरक अंगवळणी पडेपर्यंत माणूस वैतागतो, आणि सेटअप, फायनल सेटअप, रन मॉडेल, रन ड्रायव्हर यातलं कधी काय होतं ते कळायला वेळ लागतो. एसएनओपीटीसारखा ऑप्टिमायझर हवा असेल तर पायऑप्टस्पार्स हे पॅकेज वेगळं बसवावं लागतं आणि एसएनओपीटीचं लायसन्स विकत घ्यावं लागतं, आयपीऑप्ट मात्र फुकट आहे आणि मोठ्या प्रॉब्लेमला चांगला चालतो.

चौथी गोष्ट ही उणीव नाहीये, पण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतात. वरचं सगळं लोकल आहे. म्हणजे या एका डिझाइनपाशी उभं राहून चारी बाजूंना उतार किती ते सांगणारं. ऑप्टिमायझरला तेवढंच लागतं. पण मॅनेजर जेव्हा विचारतो की मटेरियल, लोड, टॉलरन्स हे सगळं इकडे तिकडे होणार आहे, त्यात निकालावर सगळ्यात जास्त भार कशाचा, तेव्हा तो ग्लोबल सेन्सिटिव्हिटी विचारतोय, आणि त्याला लोकल डेरिव्हेटिव्हचा तक्ता देणं चूक आहे. ओपनएमडीएओमध्ये डीओई (ठरवून प्रयोग मांडण्याचा) ड्रायव्हर आहे, लॅटिन हायपरक्यूबने, म्हणजे सगळ्या रेंजमध्ये पसरवून, पॉइंट टाकून चालवता येतं, पण सोबोल इंडेक्स, म्हणजे निकालाच्या बदलात कुठल्या इनपुटचा वाटा किती हे आकडे, मी बाहेर सालिब (SALib) या पायथॉन पॅकेजमध्ये काढतो, दोन्ही पायथॉनच असल्यामुळे जोडायला त्रास नाही.

इथे ऑटोमेशनची किंमत आधी मोजा. सोबोलला ८ इनपुट, बेस सॅम्पल १०२४ आणि सेकंड ऑर्डर इंडेक्स (दोन दोन इनपुटचा मिळून परिणाम) हवे असतील तर १०२४ गुणिले १८ म्हणजे १८,४३२ रन लागतात. सेकंड ऑर्डर सोडलं तरी १०,२४०. एक रन २ मिनिटांचा असेल तर पहिला आकडा म्हणजे २५ दिवसांपेक्षा जास्त झालं, एका मशीनवर. तेच १९९१ च्या मॉरिस पद्धतीने १० ट्रॅजेक्टरी (एकेक इनपुट बदलत जायच्या फेऱ्या) घेतल्या तर ९० रन, ३ तासांत काम. मॉरिस अचूक वाटा सांगत नाही, पण कुठले इनपुट बिनकामाचे आहेत ते चांगलं सांगतो. म्हणून आधी मॉरिसने चाळून घ्या, उरलेल्या तीन चार इनपुटवर सरोगेट मॉडेल, म्हणजे खऱ्याच्या जागी झटपट चालणारं अंदाजी मॉडेल, बसवा आणि सोबोल त्या सरोगेटवर चालवा. आणि इनपुट एकमेकांशी बांधलेले असतील, जसं की जाडी आणि वजन दोन्ही इनपुट म्हणून टाकले, तर सोबोलचे नेहमीचे आकडे वाचूच नका, ती पद्धत इनपुट स्वतंत्र आहेत असं धरूनच चालते.

ज्यांना कोड लिहायचाच नाही पण ब्लॅक बॉक्सवर काम करायचंय त्यांनी सँडिया लॅबचं डकोटा बघावं, १९९४ पासून चालू आहे, तेही ओपन सोर्स, एका टेक्स्ट फाइलमध्ये काय हवं ते लिहायचं आणि ते तुमचा प्रोग्रॅम पॅरामीटर फाइल आणि रिझल्ट फाइलमधून चालवतं, सॅम्पलिंग, पॉलिनॉमिअल केऑस, सोबोल सगळं आत आहे. सुरुवातीला हे जास्त सोपं वाटेल. पण मॉडेलच्या पोटात शिरून ॲनालिटिक टोटल डेरिव्हेटिव्ह काढणं त्याचं काम नाही, त्यामुळे व्हेरिएबल शेकड्यात गेले आणि मॉडेलचा कोड तुमच्या हातात असेल तर ओपनएमडीएओच घ्या. व्हेरिएबल पाच सहा आणि मॉडेल एका सेकंदात चालत असेल तर खरं सांगायचं तर दोन्हीची गरज नाही, सायपाय आणि फायनाइट डिफरन्स पुरे.

एक मागणी मात्र आहे माझी, ती बऱ्याच जणांची असेल. चेक पार्शल्स ही वेगळी चालवायची कमांड आहे, कुणी चालवली नाही तर रन ड्रायव्हर काही विचारत नाही, सरळ सुटतो. मोठ्या मॉडेलवर दर वेळी सगळं तपासणं परवडणार नाही हे मान्य, पण शेवटच्या तपासणीनंतर ज्या कंपोनंटचा कोड बदललाय तेवढेच तपास आणि जुळत नसतील तर सुरूच होऊ नको, असा एक ऑप्शन डिफॉल्ट चालू ठेवायला हवा. तोपर्यंत आम्ही प्रत्येक कंपोनंटच्या टेस्टमध्ये ॲसर्ट चेक पार्शल्स टाकून ठेवतो, कोड मर्ज व्हायच्या आधी ते पास झालंच पाहिजे असा नियम केलाय, आणि नवीन माणूस टीममध्ये आला की त्याला ऑप्टिमायझरच्या आधी ही टेस्ट लिहायला शिकवतो.